ताईसाठी दुर्बीण

आकाश फुकट आहे म्हणणाऱ्यांनी एकदा मुलगी होऊन बघावं. तारे दिसतात दिवस मावळल्यावर, आणि दिवस मावळल्यावर मुलगी घरात लागते. गोष्ट इतकी उघड आहे की तिच्यावर पत्रक काढायचं कुणाला सुचलेलं नाही. मलाही नाही, आणि मी तर महिन्याला एक पत्रक काढते.

माझी ताई बारावी सायन्सला होती तेव्हा तिच्या कॉलेजच्या मैदानावर आकाशदर्शन ठेवलं होतं. मोठी दुर्बीण येणार, शनीची कडी दिसणार, अशी नोटीस लागली. ताईनं ती घरी येऊन तोंडपाठ म्हणून दाखवली. वडिलांनी विचारलं, "किती वाजता?" ती म्हणाली, "अंधार पडल्यावर." विषय संपला. वर्गातली मुलं गेली. दुसऱ्या दिवशी तिला सांगत होती, अगं, पुस्तकातल्या चित्रासारखीच दिसतात! त्यातल्या निम्म्यांना शनी सूर्यापासून कितवा ते सांगता आलं नसतं. ताईला आलं असतं. मग बीएस्सीचं पहिलं वर्ष अर्ध्यावर सुटलं आणि पारोळ्याजवळच्या एका गावात तिचं लग्न झालं. खाऊनपिऊन सुखी घर, असं मध्यस्थ म्हणाले. खोटं नव्हतं. खायला-प्यायला भरपूर होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर मी तिच्याकडे गेले होते. संध्याकाळी आम्ही दोघी वाळवणाच्या मिरच्या गोळा करायला धाब्यावर चढलो. खानदेशात अजून मातीच्या सपाट छपराची घरं आहेत, त्या छपराला धाबं म्हणतात. तिच्या दोन्ही मुली खाली अभ्यास करत होत्या. ताईनं मिरचीच्या हातानंच दक्षिणेकडे दाखवलं. "तो शनी. बघ, लुकलुकत नाही."

"आणि कडी?"

"ती आपल्याला कुठं दिसायला!" एवढं म्हणून तिनं सूप उचललं.

मी तेव्हाच ठरवलं.

मी जळगावला पिंप्राळ्यात एक खोली घेऊन राहते आणि बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. तिथं पगार नसतो, मानधन असतं. म्हणजे मान संस्थेचा आणि धन कुणाचंच नाही. तरी दिवाळीचे कपडे, चप्पल, एक सहल असं सगळं पुढं ढकलून थोडे पैसे जमवले आणि जळगावातल्या एका दुकानात गेले. काचेच्या कपाटात खोका होता. खोक्यावर शनी एवढा मोठा की पृथ्वीवर आदळेल. खाली लिहिलेलं: पाचशे पंचवीस पट मोठं दिसणार!

"भाच्यासाठी का?" दुकानदार म्हणाला. "घ्या ना, शाळेच्या प्रोजेक्टला पण चालतं."

"बहिणीसाठी."

"कितवीला आहे?"

"बत्तीस वर्षांची आहे."

त्यानं खोका परत कपाटात ठेवला. खरंच ठेवला. वर म्हणाला, "मग मिक्सर बघा की."

धुळ्याला फिजिक्स शिकवणाऱ्या एक मॅडम माझ्या ओळखीच्या होत्या. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "तो खोका घेतला नाहीस ना? वाचलीस. ते पाचशे पट वगैरे विसर. एवढ्या बारक्या भिंगातून पाचशे पट मोठा होतो तो फक्त धूसरपणा. पुढचं भिंग किती रुंद आहे ते बघायचं. आणि त्याच्या आधी स्टँड बघायचा. स्टँड हलला की शनीसुद्धा नाचतो."

"मग काय घेऊ?"

"नवशिक्या माणसाला मी द्विनेत्री सांगते. दोन्ही डोळ्यांना लावायची. स्वस्त, टिकाऊ. चंद्रावरचे खड्डे दिसतात, कृत्तिकांचा पुंजका दिसतो, गुरूचे चंद्रसुद्धा टिंबांसारखे दिसतात."

"आणि शनीची कडी?"

"नाही दिसत."

"मग नको."

मॅडम हसल्या. कडीच हवी असतील तर निदान सत्तर मिलिमीटर भिंगाची आणि धड स्टँडची दुर्बीण लागेल, नवी तुला झेपणार नाही, जुनी मिळते का बघते, असं म्हणाल्या. आठवडाभरात त्यांनी धुळ्यातल्याच एका बंगल्याचा पत्ता दिला.

बंगल्यातल्या काकूंनी दुर्बीण कोठीच्या खोलीतून काढली. तिच्यावर जुना टॉवेल होता, टॉवेलवर धूळ. "मुलाला वाढदिवसाला घेतली होती हौसेनं. त्यानं दोनदा बघितलं. एकदा चंद्र, एकदा समोरची गच्ची." आणि स्वतःच हसल्या. मला हसू आलं नाही. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी भिंगाला बुरशी, चरा आहे का ते पाहिलं, स्टँडचे स्क्रू आवळले आणि अंगणातून लांबच्या मोबाइल टॉवरवर नळी धरली. टॉवर उलटा दिसला पण रेघ न् रेघ सुटी. उलटं दिसायचंच, आकाशात वर-खाली नसतं, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. काकूंना पैसे दिले. त्यांनी न विचारता थोडे कमी केले. आणायला मी सवडीनं येणार होते.

त्याच दुपारी मी जिजाजींना फोन लावला. ताईला अचानक द्यायची होती, पण घरात एकाला तरी माहीत असलेलं बरं. जिजाजी शेतात होते, मागं मोटरचा आवाज.

"जिजाजी, ताईसाठी दुर्बीण ठरवलीय. इथं धुळ्याला. पैसे पण भरले. थंडी पडली की येते मी. ताईला आत्ताच सांगू नका."

मोटर बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आईला विचारावं लागेल."

मला वाटलं, या घरात भेटवस्तूलाही सासूची परवानगी लागते. लागत असेल. मी फोन ठेवला.

जी बाई गावोगाव पत्रकं वाटते तिच्या हे लक्षात यायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आमच्याकडे खेड्यात दुर्बीण म्हणजे एकच: मूल बंद करायचं ऑपरेशन. पोटाला बारीक छेद घेऊन दुर्बिणीतून करतात ते. बायका बोलतात, तिची दुर्बीण झाली, माझी राहिली. शिबिरं लागतात ती थंडीतच. आणि माझ्या त्या महिन्याच्या पत्रकाचा मथळा होता, 'दर वेळी बाईच का?' शिबिरात बायकांची रांग आणि नवरे बाहेर चहाच्या टपरीवर, असं त्यात लिहिलेलं. ते पत्रक ताईच्या सासरच्या गावातही वाटलं गेलं होतं. पण पैसे भरताना माझ्या डोक्यात शनी होता. त्यांच्या डोक्यात मी होते.

थंडीत मी पारोळ्याला उतरले आणि मांडीवर लांबडी पिशवी घेऊन रिक्षानं गावात पोचले. ओट्यावर ताईची सासू खाटेवर बसलेली, शेजारी सासरे. त्यांना सगळे आबा म्हणतात. जिजाजी दाराला टेकून उभे. ताई आत चुलीपाशी, पाठमोरी. कुणी ये म्हणालं नाही.

"पानी पी पहिले," सासू म्हणाली. "नी मंग सांग, माले इचारं नही, नी तिले दुर्बीण कराले कोठे लई चालनी तू?"

ताईला कुठली दुर्बीण करायला मी घेऊन चाललेय, हे कळायला मला क्षण लागला. मग मी म्हणाले, "मावशी, दुर्बीण पिशवीत आहे."

"पिशवीमा?" आबा खाटेवरून उठलेच.

मी पिशवी उघडली. पांढरी नळी, तीन पाय, भिंगाची डबी. सगळे वाकून बघत राहिले.

"हाई कसानी दुर्बीण?"

"तारे बघायची."

आबांना हसू फुटलं. मग जिजाजींना. मग सासूला, आणि ती तर डोळ्याला पदर लावून हसली. "आंडोर नही नी दुर्बीण कसानी, म्हनीसन माले जेवन गोड लागनं नही वं पोरी!" आंडोर म्हणजे मुलगा. दोन नाती होत्या, नातू नव्हता, तोवर सुनेचं पोट बंद होणार नव्हतं. ते मी बंद करायला निघाले अशी घरात त्या फोनपासून चर्चा होती, आणि आता संकट टळलं होतं. मला चहा मिळाला. शेव मिळाली. या सगळ्यात ताईला तारे बघायचे आहेत का, हेसुद्धा कुणी विचारलं नाही. दुसरी गोष्ट विचारणं तर लांबच.

दिवेलागणीनंतर दुर्बीण धाब्यावर नेली. मुली आधी बघून गेल्या, एकमेकींना ढकलत. त्यांची आजी शिडीखालून ओरडली, "पडशात वं!" त्या उतरल्यावर ताई वाकली. मी शनी मध्ये आणून दिला. तो हळूहळू सरकत बाहेर जातो, नळी परत हलवावी लागते. ताईनं ते न सांगता ओळखलं. मसुरीच्या डाळीएवढा दाणा आणि त्याला दोन्हीकडून आडवी रेघ. एवढंच दिसतं. एवढ्यासाठीच मी इतके दिवस हिंडले होते.

"दिसली?"

"दिसली." ती बराच वेळ बघत होती. डोळा न काढताच म्हणाली, "मला वाटलं, तू खरंच ती ठरवलीस."

"कोणती?"

"ती गं."

मी नळीवरचा हात काढला.

"सासूबाईंनी विचारलं, तुला माहीत होतं का. मी नाही म्हणाले. त्यांना खोटं वाटलं. मला मात्र वाटलं, बहिणीनं न विचारता ओळखलं. मी पिशवी भरली होती. पोरींचे कपडे, माझ्या दोन साड्या. तू आलीस की निघायचं म्हणून." मग तिनं डोळा काढला आणि भिंगावर टोपण लावलं, अगदी नीट, फिरवून. "छान आहे हं दुर्बीण. मला आवडली."

"ताई, आत्ता चल. त्याला नवऱ्याची सही लागत नाही. नियमातच आहे. मी स्वतः छापलंय ते."

"ऑपरेशनला लागत नसेल," ताई म्हणाली. "परत याच घरात यायला लागते."

मी दुर्बिणीचे पाय मिटले.

सकाळी चहाला सगळे असताना मी बोलले. ताईला तिसरं नको आहे, असं सरळ बोलले. आणि तिच्या पोटाला हात लावायचा नसेल तर जिजाजींनी करून घ्यावं, ते सोपं असतं, त्याच दिवशी घरी येता येतं. ताई मान खाली घालून कप विसळत होती. जिजाजी म्हणाले, "मोटर चालू राहिली वाटतं," आणि चप्पल घालून निघाले. आबांनी खाकरून तोंड फिरवलं. सासू माझ्याकडे बघून म्हणाली, "तू लगीन कर पहिले, मंग शिकाड आम्हले." पुढच्या गाडीनं मी जळगावला परतले. गावात शिबिराचा फलक लागला होता. तारीख त्याच महिन्यातली होती.

दुर्बीण तिथंच राहिली. आता पौर्णिमेच्या आसपास जिजाजींचे मित्र येतात, त्यांना चंद्र दाखवला जातो, ताई खालून चहा पाठवते. हे तिनंच फोनवर सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. मग म्हणाली, एकदा जेवणं चालू असताना धीर करून विषय काढला. सगळ्यांसमोर म्हणाले, मी दुर्बीण करून घेते म्हणते.

"मग?"

"मग काय, सगळे हसले. आबा म्हणाले, शे ना माळ्यावर, काढी ले."

सांगताना ताईसुद्धा हसत होती. आमच्या गावांत त्या ऑपरेशनला दुसरा शब्द नाही. होता तो एकच शब्द, आणि त्या घरात त्याचा आता विनोद झालाय.

"पुन्हा बोल," मी म्हणाले. "नीट, समजावून बोल. मी येऊ का? शिबिर अजून एक आहे, मी चौकशी केलीय."

"आता कशाला," ताई म्हणाली. "चौथा महिना लागलाय मला."