खाजणातला ओंडका

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जायचो... विज्ञान शिकवणारा माणूस मी! तरीही हे लिहितोय.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. मी बोईसरच्या शाळेत शिकवायचो, घर तिथून जवळच, किनाऱ्यावरच्या माहीम गावात. कोळीवाड्यातला हिराजी माझा मित्र. त्याचा थोरला भाऊ पांडू समुद्रावर गेला तो परतलाच नाही. जाण्याआधी नव्या होडीसाठी त्यानं सागाचा ओंडका खाडीच्या खाजणात पुरला होता. चिखलात हवा पोचत नाही, लाकडाला कीड लागत नाही. पण त्यांच्या घरची रीत अशी — ज्यानं पुरला त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं हात लावला, म्हणजे घरच्यांनी त्याला मेला असं धरलं.

हिराजीला होडी हवीच होती. ओहोटीला आम्ही निघालो, तर पांडूची बायको कमळ मागोमाग आली. कपाळावर कुंकू तसंच.

"भावोजी, काढू नका. ते येतील."

"वयनी, वरीस झालं. पोरं काय खातील?"

दोर लावून ओंडका काठावर ओढला. कुजक्या अंड्यांचा वास, ओंडका निघाला त्या खड्ड्यातून बुडबुडे... मी ऐटीत समजावलं — हवा नसली की जंतू कुजवताना हा वायू सोडतात, त्यानंच चिखल काळा पडतो. आता वारा लागला की उतरेल काळेपणा. झालंही तसंच. दुपारपर्यंत ओंडका करडा पडला.

एक जागा सोडून.

हाताच्या पंज्याचा ठसा! काळा, ओला, अंगठा आणि तीनच बोटं. पांडूची करंगळी लहानपणी दोरात तुटलेली, अख्ख्या गावाला ठाऊक. आजूबाजूचा चिखल वाळून तडकला तरी पंजा ओलाच. हिराजीनं पाणी मारून घासला... जाईना.

कमळनं त्यावर हात टेकला.

"थंड हाय," ती म्हणाली. "लय थंड हाय ओ."

मग खाडीचं पाणी घेऊन तिनं स्वतःच कुंकू पुसलं.

मला तिच्याकडे पाहवेना, म्हणून ओंडक्याकडे पाहिलं. पंजा करडा होत होता — आधी बोटं, मग तळवा... आमच्या डोळ्यांदेखत.

तिथला पापुद्रा मी शाळेत नेऊन तपासला. साधा चिखल निघाला. पुढे कधी विषय निघालाच तर कमळवहिनी एवढंच म्हणायची, "सुटले ते." कशातून, हे विचारायचा धीर मला कधीच झाला नाही.