अर्धा कोयता

मैत्रिणींनो, आज सकाळी मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावरून ऊसतोडीचा ट्रक गेला. त्यात सविता गेली.

नवऱ्याच्या मारामुळे ती चार महिने माहेरी होती. मी घरातली पहिली पदवीधर, कायद्याच्या शिबिराला जाऊन आलेली. बायकांच्या बैठकीत मीच तिला सांगितलं होतं, "वेगळी राह्यली तरी कायद्यानं तू त्याची बायकोच हायेस. पोटगी मागू शकते."

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो, एकटं माणूस म्हणजे अर्धा. म्हणून आज मुकादम तिच्या नवऱ्याला घेऊनच तिच्या बापाच्या दारात आला.

"चाल वं, ट्रक उभा हाये," मुकादम म्हणाला.

"मी याच्यासंगं नाही येत. मले एकटीले काम द्या," सविता म्हणाली.

मुकादम हसला. "अर्धा कोयता घेऊन काय करू?"

मी मध्ये पडले. "तिच्या मर्जीबिगर नेता येत नाही. कायदा हाये."

नवरा माझ्याकडे वळला. "काहून ताई? सोडचिठ्ठीबिगर बायको बायकोच राह्यते, हे तुमीच त सांगतलं. माही बायको मी नेऊन राह्यलो."

सगळे हसले. तिचा बापही हसला. त्यानंच तिचं बोचकं ट्रकमध्ये टाकलं.

चढताना सविता मला म्हणाली, "तुह्या कायद्यात त्याचंच खरं निघालं वं."

बायको म्हणजे नवऱ्याची मालमत्ता नव्हे, हे उत्तर मला ट्रक गेल्यावर सुचलं.

माझ्या वहीत नवऱ्याचे कायदे एका पानावर आहेत, कामाचे दुसऱ्यावर. एकट्या बाईला कोयता देणारं पान तुमच्यापैकी कुणाकडे आहे का?