त्या वर्षी एकच सामना जिंकलो

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमला शेवटच्या वर्षी नवीन कोच आल्या. आधीचे कोच वयस्कर होते, सरावाला कुणी उशिरा आलं तरी हसून सोडून द्यायचे. त्यांच्या हृदयाचं दुखणं वाढलं आणि त्यांनी काम सोडलं. नव्या कोच चाळिशीच्या, सडपातळ, आवाज कधीच न चढवणाऱ्या. पहिल्या दिवशी आम्हाला ओळीत उभं करून म्हणाल्या, "मागच्या वर्षी कोण कसं खेळलं ते मला सांगू नका. माझं मी बघेन."

बाबांच्या नोकरीमुळे आम्ही पुणं सोडून सिंगापूरला आलो, तेव्हा मी पाचवीत होते. इथली माझी पहिली मैत्रीण मला फुटबॉलमुळेच मिळाली. ती मलय, यिशुनला राहायची. शाळा एक, पुढे कॉलेजही एक. सकाळी ती यिशुनहून एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून यायची आणि वुडलँड्सला मी त्याच डब्यात चढायचे. सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडे आली की आई तिला थालीपीठ करून वाढायची, आणि ती दुसरं मागून घ्यायची. गोल करायची ती. मी मागे राहून अडवणारी, धडपडणारी.

त्यामुळे कोचनी कॅप्टन म्हणून माझं नाव घेतलं, तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती मात्र परतीच्या गाडीत म्हणाली, "बरं झालं. आता बोलणी तू खा." मला खूप आनंद झाला होता, आणि तो तिच्यापासून लपवताना माझी तारांबळ उडत होती.

कोच आम्हाला चेंडूला पाय लावू देण्याआधी उन्हात पळवायच्या. वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की मैदान सोडून शेडमध्ये बसावं लागे, तेव्हाही त्या भिंतीला पाठ लावून गुडघ्यात वाकून उभं राहायला लावायच्या. पहिला सामना आम्ही पाच गोलांनी हरलो. दुसऱ्यात तीन गोल खाल्ले. दोन मुलींनी टीम सोडली. त्यानंतरच्या एका सरावाला कॉलेजच्या ऑफिसमधले एक गृहस्थ येऊन बाकावर बसले आणि कोचशी काहीतरी बोलून गेले. त्यानंतर कोच बराच वेळ गोलच्या जाळीला धरून उभ्या होत्या.

त्याच आठवड्यात गाडीतून उतरताना मैत्रिणीने दांडा घट्ट धरला.

"काय झालं?"

"गुडघा. दोन आठवडे झाले. जिना उतरताना कळ येते." मग माझा दंड धरून, गळ घालताना इथले सगळे लावतात तसा शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "कोचना सांगू नकोस लाह. त्या मला बाहेर बसवतील. हे शेवटचं वर्ष आहे आपलं."

मी कबूल केलं.

तिसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी कोचनी मला एकटीला बोलावलं. "तुझी मैत्रीण पाय जपून टाकतेय असं वाटतं. ठीक आहे ना ती?"

उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही, हे मला अजून टोचतं. तिला दिलेला शब्द होता, खरं आहे. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात शब्द नव्हताच. ती नसेल तर आपण तिसरा सामनाही हरणार आणि कॅप्टन मी असणार, एवढंच होतं. मी म्हणाले, "ठीक आहे, कोच."

दुसऱ्या अर्ध्यात तिने गोल केला. नंतर दहाच मिनिटांनी, जवळपास कुणी नसताना, ती वळायला गेली आणि खाली कोसळली. तिची किंकाळी मला मैदानाच्या या टोकाला ऐकू आली. तिला स्ट्रेचरवरून नेलं, खेळ पुन्हा सुरू झाला आणि आम्ही एक-शून्यने जिंकलो. शिट्टी वाजली तेव्हा आमच्यातली एकही मुलगी ओरडली नाही.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. पुढच्या सरावाला कोच सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं." मी मान खाली घालून उभी राहिले.

ऑपरेशननंतर मैत्रीण घरी आली, तेव्हा आईने तिच्यासाठी थालीपिठं डब्यात भरून दिली. "नुसती हातात देऊन येऊ नकोस, बस तिच्यापाशी," ती म्हणाली. मी बसले. टीव्ही चालू होता. मग मैत्रीण म्हणाली, "तू कोचना सांगायला हवं होतंस."

"तूच नको म्हणालीस."

"हो. मला खेळायचं होतं, मी काहीही म्हणाले असते. पण तू कॅप्टन होतीस ना."

ती चिडली नव्हती. मी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला.

उरलेले दोन्ही सामने आम्ही हरलो आणि तळाला राहिलो. कोचना पुढच्या वर्षासाठी ठेवलं नाही. शेवटच्या दिवशी त्या सामानाच्या खोलीत चेंडू मोजून पिशवीत भरत होत्या. मी दारात उभी राहून सगळं सांगून टाकलं: गुडघ्याचं मला माहीत होतं, मी खोटं बोलले.

त्यांनी हातातला चेंडू खाली ठेवला. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तिला जिना उतरताना मी पाहिलं होतं. मलाही जिंकायचं होतं. कुणीतरी 'ठीक आहे' म्हणावं म्हणून मी तुला विचारलं. वीस वर्षांच्या मुलीला मी हे विचारायला नको होतं."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आता ते ओझं माझं आणि कोचचं, दोघींचं झालं होतं, आणि त्या तर निघून चालल्या होत्या. मी त्यांना चेंडू भरायला मदत केली.

मैत्रीण पुन्हा खेळली नाही. घराबाहेर पडू लागल्यावर ती कॉलेजला जरा उशिराच्या गाडीने जाऊ लागली. कुबड्या घेऊन गर्दी नको, असं तिने मला कळवलं. कुबड्या सुटल्या तरी गाडी तीच राहिली. मागच्या महिन्यात ती मला सेम्बावांगच्या एका हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, भेटली, सोबत तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी होत्या. तिने आईची चौकशी केली, माझ्या नोकरीबद्दल विचारलं. मग तिच्या ऑर्डरचा नंबर पुकारला गेला आणि ती ट्रे आणायला उठली. ती नीट चालत होती. तरी मी तिच्या पायांकडेच बघत राहिले.