शेवटचं पान

हल्ली मला कार्यक्रमांना बोलावतात. ऑनलाइन कायदा साध्या माणसाच्या भाषेत आणणारी पायोनियर, अशी ओळख करून देतात आणि शाल-नारळ देतात. डोंबलाची पायोनियर! मी टाइपिस्ट होते. चांगली टाइपिस्ट होते, हे मात्र मी कुठेही सांगेन.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, चेन आणि बटणांच्या दुकानावरच्या माडीवर एका सिंधी वकिलांचं ऑफिस होतं. हायकोर्टाचे निकाल इंटरनेटवर टाकायचे, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेतून यायचं आणि खालच्या शेटने फोन उचलला की तुटायचं. "साईं, दुकान टाका, हे कोण बघणार?" असं त्यांना त्यांचेच भाऊबंद म्हणायचे. ते हसायचे. पक्षकाराला वकिलाची चिठ्ठी पोचायच्या आधी आपल्या साइटवर निकाल दिसला पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता.

आम्ही तिघी मुली टाइप करायचो. साहेबांनी काम वाटून दिलं होतं. पहिलं पान, म्हणजे पक्षकारांची नावं आणि केसचा नंबर, एकीकडे. मधली पानं दुसरीकडे. शेवटचं पान माझ्याकडे, कारण माझं इंग्रजी बरं होतं आणि निकालात चूक चालत नाही. शेवटच्या पानावर नावं नसतात. तिथून एक शब्द उचलायचा आणि निकालाच्या चौकटीत भरायचा. अलाउड नाहीतर डिसमिस्ड. "पढ़ना मत, बेटी," साहेब सांगायचे, "पढ़ोगी तो रुक जाओगी."

पहिल्या आठवड्यात मी वाचलं आणि रडले. कोणाचं घर जात होतं, कोणाचं मूल दुसऱ्याकडे जात होतं. मग वाचायचं सोडलं, रडणंही सुटलं. महिन्याभरात तर काहीच वाटेनासं झालं आणि माझा स्पीड वाढला. साहेब खूश.

घरी अंबरनाथला बाबा होते. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. युनियनच्या भांडणात कंपनीने त्यांना काढलं. ते लेबर कोर्टात जिंकले, त्यांना कामावर परत घ्या असा हुकूम झाला, तर कंपनी त्या हुकमाविरुद्ध हायकोर्टात गेली. वर्षं जात होती. बाबांना दुसरं काही नको होतं. त्यांना त्याच गेटमधून, त्याच कार्ड नंबरवर आत जायचं होतं. दर रविवारी ते कंपनीचे जाड बूट पॉलिश करून दाराशी ठेवायचे. आई म्हणायची, "अहो, पायात घाला तरी." ते म्हणायचे, "ड्युटीचे आहेत."

बाबा सातवी शिकलेले. आमच्या वस्तीत शिक्षणाचं अप्रूप भारी, आणि मुलगी कोर्टाचं टाइप करते हे ते जयभीम घालणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. एका रविवारी मी त्यांना ऑफिसात नेलं आणि केसचा नंबर कुठे टाकायचा, निकालाची चौकट कुठे दिसते ते दाखवलं. त्यांनी डायरीत सगळं उतरवून घेतलं. त्यानंतर रोज एकच प्रश्न. "आली का गं आपली केस तुझ्या कॉम्प्युटरात?"

एका सकाळी मी रिक्षा पकडायच्या घाईत होते. म्हटलं, "बाबा, रोज काय तेच तेच? शिकवलंय ना तुम्हाला? स्टेशनजवळ सायबर कॅफे आहे, जाऊन बघा की!"

ते गेले. पुढे रोज जात राहिले, मला न विचारता. मला बरं वाटलं, कटकट गेली. असंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

आणि एक दिवस बाबांचा निकाल आला. आला तो थेट माझ्या टेबलावर. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ना, तसं. पहिलं पान माझ्या शेजारणीने टाइप केलं. तिला बाबांचं नाव माहीत नव्हतं, ती मला ताई म्हणायची आणि आमच्या आडनावाची माणसं शंभर. शेवटच्या पानावर होतं, पिटिशन डिसमिस्ड, रूल डिस्चार्ज्ड. मी डिसमिस्ड भरलं आणि पुढचा कागद घेतला.

आता हे वकिलाला विचारलं तर तो सांगेल, पिटिशन कंपनीची होती, ती डिसमिस झाली, रूल डिस्चार्ज झाला, म्हणजे कंपनी हरली. बाबा जिंकले. पण एमआयडीसीत डिसमिस या शब्दाचा एकच अर्थ आहे, कामावरून काढलं. डिस्चार्जचाही तोच. बाबांना सगळं इंग्रजी येत नव्हतं, पण कंपनीने काढताना घरी पाठवलेलं पत्र त्यांना तोंडपाठ होतं आणि त्यात हाच शब्द होता. कॅफेतल्या पडद्यावर त्यांनी नंबर टाकला आणि तो शब्द ओळखला.

घरी येऊन ते न जेवताच आडवे झाले. आईला वाटलं पित्त झालंय. त्याच आठवड्यात, मी ऑफिसात असताना, कंपनीचा माणूस मिठाई घेऊन आला. निकाल काय लागलाय ते त्याला ठाऊक होतं. बाबांना नव्हतं. "झालं गेलं विसरा, आपसात मिटवू," म्हणाला. नोकरीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर बाबांनी सही केली. बूट शेजारच्यांच्या मुलाला देऊन टाकले.

वकिलाची चिठ्ठी नंतर आली, साहेब म्हणायचे तशीच, आमच्या साइटच्या मागून. मीच वाचून दाखवली. आपण जिंकलात, अभिनंदन. वाचता वाचता माझा आवाज जराही हलला नाही. आई भिंतीला टेकली. मी म्हटलं, "सही फसवून घेतली, आपण भांडू." बाबा म्हणाले, "फसवून कसली? सही माझीच आहे." आणि ताटातली भाकरी संपवली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि पुन्हा शेवटची पानं भरली. चौथ्या दिवशी साहेबांना म्हटलं, "निकालाखाली अजून एक चौकट पाहिजे. जिंकलं कोण आणि आता करायचं काय, ते मराठीत." ते म्हणाले, "कौन पढ़ेगा?" मी सगळं सांगितलं. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "बना दो. पर अब तुझे पूरा पढ़ना पड़ेगा."

तीच ती चौकट, जिच्यासाठी शाली मिळतात. पुढे साइट मोठी झाली, दुसऱ्या साइटींनी ती चौकट उचलली, मीही मोठी झाले. बाबांची केस मात्र मी कित्येक वर्षं उघडली नाही. माझी छाती होत नव्हती.

एकदा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, नवा चष्मा लागला. घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडला, त्यांचा नंबर टाकला आणि ती रिकामी चौकट भरली. कंपनी हरली. कामगाराला कामावर परत घ्यायचं आहे. कुठेही सही करू नका, आधी वकिलाला भेटा. मग स्क्रीन त्यांच्यापुढे केला.

त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. दोनदा वाचला.

"हे तेव्हाही होतं का गं?" त्यांनी विचारलं. "मला दिसलं नाही का?"

"नव्हतं, बाबा."

"नक्की?"

"नक्की. मी लिहिलंच नव्हतं."

"मग ठीक," ते म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटत होतं, माझंच वाचायचं राहिलं."