प्लगचा रंग

मुर्रीच्या वळणावरचा मिस्त्री तुसडा आहे. गाडी सुरू असताना गिऱ्हाईक बोललं, की खेकसतो, "कोण बोलून राहिलं, तू का इंजिन?"

पाय गेल्यापासून बाबा घराबाहेर पडले नव्हते. त्यांच्यासाठी यानंच जुन्या स्कूटरचं टू-स्ट्रोक इंजिन बसवून शेतात जाणारी चारचाकी बनवली, ब्रेकसुद्धा हातावर. इंजिनात पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा कार्बोरेटरचा जेट लावायच्या दिवशी म्हणाला, "ज्याची गाडी, त्याले बसव. वजन बदललं का जेट बदलते."

आम्ही बाबांना उचलून गाडीत बसवलं. बाबांनी कच्च्या रस्त्यावर गाडी फुल पळवायची, यानं हात केला की बंद करायची. मग हा गरम प्लग फडक्यात धरून पाहायचा. काळा पडला तर पेट्रोल जास्त, पांढरा तर कमी. त्याप्रमाणे जेट बदलायचा. बिस्किटासारखा रंग आला की काम संपलं. त्यानंतर तो कुणाला थेंबभर पेट्रोल जाळू देत नाही.

दोनदा जेट बदलून झाला. तिसऱ्या फेरीला बाबा धुळीनं माखून, ओरडत आले, "अबे, लय पळते हे!"

त्यानं प्लग काढला. मी मागून वाकून पाहिलं. अगदी बिस्किटी.

"झालं ना?" मी विचारलं.

त्यानं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि घाईघाईनं प्लग परत आवळला.

"रंग नाही आला. काकाजी, नहरापर्यंत अजून एक चक्कर मारून या. अन् हळूहळू या, मले घाई नाही."