मास्तरांचं तोंडपाठ माप

टेलरमास्तरांच्या गळ्यात चाळीस वर्षं टेप आहे, पण बायकोच्या अंगाला त्यांनी ती लावली एकदाच, लग्नानंतरचा पहिला ब्लाउज शिवताना. त्यानंतर सगळं तोंडपाठ. "आमच्या मंडळींना टेप लावावी लागत नाही," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. माणूस गुणी, हातात कसब, तोरा मात्र दोन वार जास्तच. हा तोरा एकदा त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, चांगलाच मुळावर आला होता.

काकूंना वयाच्या बासष्टाव्या वर्षी पोहायला शिकायचं होतं. हौस लहानपणापासूनची, आधी वडील नको म्हणाले, मग संसाराने सवड दिली नाही. तलावावर साठीपुढच्या बायकांचा वर्ग निघणार असं कळलं, तशा त्या दुसऱ्याच दिवशी फॉर्म घेऊन आल्या. पोशाख शिवायला मास्तर पुढे सरसावले, तर "नको, तयार आणलाय" म्हणून काकूंनी घाईघाईने विषय मिटवला.

फॉर्मवर डॉक्टरांची सही हवी होती. डॉक्टरबाईंनी रक्तदाब मोजला आणि भुवया उंचावल्या. "दवाखान्यात येऊन घाबरला असाल. घरी मशीन घ्या, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा. वरचा आकडा एकशे पस्तीसच्या खाली राहिला तर सही देते. नाहीतर आधी औषध, पोहण्याचं पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी' हे काकूंनी आयुष्यभर ऐकलं होतं.

मशीन आणायला मास्तर एकटेच गेले. औषधवाल्याने काउंटरवर चार डबे मांडले. मनगटाला बांधायचं मशीन मास्तरांनी हातही न लावता बाजूला सारलं. "मनगटावर घड्याळ शोभतं." बाकीच्यांचे आकडे किती मोठे दिसतात, मागची किती मापं लक्षात राहतात, हे औषधवाला जीव तोडून सांगत होता, मास्तर दंडाचे पट्टे उलटे करून शिलाई तपासत होते.

"हा दुहेरी टाक्याचा आहे. हाच द्या."

"काका, दंडाचा घेर किती? पट्टे दोन मापांचे येतात, मधला आणि मोठा. पट्टा चुकला की आकडाही चुकतो."

"दहा इंच." मास्तरांची पापणीसुद्धा लवली नाही.

"टेपने मोजलाय ना?"

गळ्यात टेप असलेल्या माणसाला हा प्रश्न! मास्तर नुसते हसले आणि मधला पट्टा घेऊन घरी आले.

पहिल्या सकाळी आकडा आला एकशे सेहेचाळीस. संध्याकाळी एकशे अठ्ठेचाळीस. काकूंनी मीठ कमी केलं, चहा सोडला, मोजण्याआधी पाच-पाच मिनिटं गप्प बसल्या, जे त्यांच्या माहेरी कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. आकडा काही हटेना. मास्तर तो वहीत लिहायचे आणि दुकानात जाऊन सरळ शिवण वाकडी मारायचे. हिला काही झालं तर, या विचाराने त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि काकूंनी तर पोहण्याचा पोशाख कपाटात अगदी तळाशी सारून ठेवला होता.

त्यात त्या पट्ट्याची कटकट. हवा भरली की तो चर्रकन सुटायचा. सहाव्या दिवशी पुन्हा सुटला, तसे मास्तर उखडले. "इतका पारखून घेतला तरी हा ताप! आण इकडे, शिलाई मशीनवर दोन टिपा मारतो."

काकूंनी पट्टा सोडला नाही. "अहो, त्याला काय शिवताय? माझा दंड मोजा."

"मोजायचाय कशाला? दहा इंच."

काकू उठल्या. कपाटातली ब्लाउजांची चळत आणून त्यांनी मास्तरांच्या मांडीवर ठेवली. मास्तरांनी एक उलटा केला. बाहीची शिवण उसवून आत दुमडलेलं जादा कापड, होती नव्हती ती सगळी माया, सोडलेली. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याला काखेत दुसऱ्याच कापडाचा तुकडा जोडलेला, बारीक, सुबक हातशिलाईने.

"किती वर्षं चाललंय हे?"

"झाली अकरा-बारा. तुम्ही दुकानात गेलात की बसते."

"मला सांगायचं नाही?"

"चारचौघांत इतक्या कौतुकाने सांगता हो, माप पाठ आहे म्हणून," काकू म्हणाल्या. "मला ते ऐकायला आवडायचं."

मास्तरांना औषधवाल्याचं बोलणं आठवलं आणि कानशिलं गरम झाली. गळ्यातली टेप काढून त्यांनी बायकोच्या दंडाभोवती धरली. साडेचौदा. पुन्हा धरली. साडेचौदाच.

"अरे बापरे," ते म्हणाले, आणि काकू इतक्या हसल्या की टेप हातातून निसटली. मास्तरांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

"काय काका, आठवड्यात दंड वाढला?" मास्तर मोठा पट्टा मागायला आले तसं औषधवाल्याने विचारलं.

"दंड आहे तेवढाच आहे. टेलर चुकला." चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असेल. ते म्हणताना आभाळ वगैरे काही कोसळलं नाही, याचं त्यांना जरा नवलच वाटलं.

मोठ्या पट्ट्यावर आकडा आला एकशे एकतीस. डॉक्टरबाईंनी सगळा प्रकार ऐकला, तोंडावर रुमाल धरून हसल्या, आणि नव्या पट्ट्याने नवा आठवडा मोजायला सांगितला. तो आठवडा मास्तरांनी श्वास रोखून काढला. आकडा एकदाही एकशे चौतीसच्या वर गेला नाही. "मीठ मात्र कमीच ठेवा," म्हणत बाईंनी सही ठोकली.

पहिल्या दिवशी काकूंना तलावावर सोडून मास्तर दुकान उघडायला म्हणून निघाले आणि भिंतीला वळसा घालून परत फाटकाशी आले.

"काका, बायकांची वेळ आहे," पहारेकरी म्हणाला. "पुरुषांना आत सोडत नाही."

"आत कुठे येतोय? इथेच उभा आहे."

भिंतीपलीकडे पाणी उडत होतं, दहा-बारा जणी एकदम बोलत होत्या, शिकवणारी बाई ओरडून सूचना देत होती. मग एक किंचाळी, आणि सगळं शांत. मास्तरांनी फाटकाची सळई घट्ट धरली.

"अहो!" आतून काकूंचा आवाज आला, सगळ्या तलावाला ऐकू जाईल असा. "तिथेच उभे आहात ना? मी तरंगले!"