लाल दिसता कामा नये!

सिंकमधल्या भांड्यांसारखं आहे बघा आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं. एक घासून पालथं घालावं, तोवर आणखी दोन येऊन पडतात. लग्नाला जा, बारशाला जा, कुणीतरी म्हणतंच, "मेघा, तुमच्या सरांचं सांग ना!" मी सांगते. लोक पोट धरून हसतात. मला मात्र सांगताना दर वेळी नव्याने राग येतो, आणि लोकांना तेच जास्त आवडतं! हसायचं तर हसा. मला नाही हसू येत.

ऑफिस उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या दुकानाच्या वर. आम्ही जावा नावाच्या कंप्युटरच्या भाषेत वेबसाइट बनवतो. कारखान्यांची गेटवरची नोंद, दुकानांच्या ऑर्डरी, सोसायट्यांच्या तक्रारी, असली कामं. माणसं तीन. प्रकाशसर मालक. नरेश कोड लिहिणारा. आणि मी कोड लिहिणारी, तपासणारी, फोन उचलणारी आणि शिव्या खाणारी.

*

सर एकदा अंबरनाथला डेमो द्यायला गेले. सगळं मस्त चाललेलं. शेवटचं बटण दाबलं आणि स्क्रीनभर लाल अक्षरांत एररच्या चाळीस ओळी! समोरचे शेठ खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "व्हायरस आला का हो? माझ्या कंप्युटरला हात लावू नका!"

काम गेलं. सर ऑफिसात आले ते टेबलावर हात आपटतच. "आजपासून कुठल्याही क्लायंटला लाल दिसता कामा नये!"

आता जावात काही बिघडलं की प्रोग्राम बोंब मारतो. ती बोंब मध्येच पकडायची सोय असते. पकडायची, काय बिघडलंय ते बघायचं, निदान कुठेतरी लिहून ठेवायचं, अशी साधी रीत आहे. आमच्याकडे सरांनी नवी रीत काढली. बोंब पकडायची, तिचं तोंड दाबायचं आणि स्क्रीनवर हिरवी खूण दाखवायची. "झालं!"

नरेश सिंधी आहे, पण मराठी बोलायला माझ्यापेक्षा फर्डा. तो म्हणाला, "सर, हे म्हणजे चोर पकडायचा आणि मागच्या दाराने सोडून द्यायचा."

सर म्हणाले, "पण बोभाटा झाला का? नाही ना? मग!"

*

पहिला फटका बसला आमच्या फर्निचरवाल्या अशोकशेठना. त्यांच्या ऑर्डरींचं काम आमच्याकडे होतं. गिऱ्हाईक सोफा निवडायचं, पत्ता टाकायचं, बटण दाबायचं, हिरवी खूण यायची. आणि ऑर्डर? कुठेच नाही! पत्ता जरा लांबलचक असला की ती आत साठवलीच जात नव्हती. आणि लांबलचक पत्ता नाही असा माणूस उल्हासनगरात शोधून दाखवा मला. अमक्या दुकानाच्या मागे, तमक्या गल्लीत, पाण्याच्या टाकीसमोर!

गिऱ्हाइकं दुकानात येऊन भांडायला लागली. शेठनी मला फोन केला. आवाज चढवला नाही, हेच मला जास्त लागलं.

"मॅडम, आपका सॉफ्टवेअर बहुत शरीफ है. किसीको ना नहीं बोलता. बस, काम नहीं करता."

मी सरांना म्हटलं, शेठ असं असं म्हणाले. सर खूश! "शरीफ म्हणाले? बघ, कौतुक आहे त्यांना."

कप्पाळ माझं!

*

मग आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्याचं काम आलं. गेटवर कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, त्याची नोंद. हे काम मात्र मला पहिल्या दिवसापासून वेगळं वाटलं, ते तिथल्या पाटीलसाहेबांमुळे. ते कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर. बारीक आवाजाचे, सरळ माणूस. त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि म्हणाले, "रंगबिंग, डिझाइन काय हवं ते करा. मला एकच गोष्ट अचूक द्या. या घटकेला आत किती माणसं आहेत आणि कोण कोण. सायरन वाजला की सगळे गेटबाहेरच्या मैदानात जमणार. मी तुमची यादी घेऊन उभा राहणार. यादीतला एक जरी मैदानात दिसला नाही, तर त्याला शोधायला मी माणूस आत पाठवणार. यादीत नाव नसेल, तर त्याला शोधायला कुणीच जाणार नाही. कळलं?"

मला कळलं. सर मान डोलावत होते आणि वहीत लिहीत होते. बाहेर आल्यावर मी वहीत डोकावले. लिहिलं होतं, "हिरवा रंग जरा गडद."

*

त्याच गेटवर गायकवाडमामा सिक्युरिटीला होते. एक दिवस त्यांना मेमो मिळाला. "आपण पहाटे साडेतीनला एका पाहुण्यास आत सोडले. खुलासा करावा."

मामांची ड्युटी सकाळी आठची! बिचारे माझ्यापुढे रडकुंडीला आले. "मॅडम, बावीस वर्षांत एक मेमो नाही हो मला."

बघितलं तर आमचा सर्व्हर परदेशातल्या कुठल्या तरी कंप्युटरवर, त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पाहुणा आला नऊला, नोंद झाली साडेतीनची. कोडमधली एक ओळ बदलायची होती. एक! मी सरांना म्हटलं, आज करते. सर म्हणाले, "चालू सिस्टिमला हात नको. मामांना समजावून सांगतो मी." आणि गेटवर जाऊन त्यांना काहीतरी सांगून आले.

आठवड्याने मी गेले. मामा हसतमुख. म्हणाले, "मॅडम, आता सगळं बरोबर जुळतं!"

"कसं काय?"

त्यांनी केबिनच्या भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. भर दुपारी बारा वाजता त्यात साडेसहा वाजले होते.

त्या दिवशी मी सरांना न विचारता ती ओळ बदलली. वर मामांच्या मेमोवर खुलासा मीच लिहून दिला, चूक आमची म्हणून, खाली सही करून. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या आयुष्यातले सगळ्यात शांत दोन दिवस.

*

आता घरचा आहेर ऐका. मी बदलापूरला राहते, सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगांत. आमच्याच सोसायटीने तक्रारींची वेबसाइट आमच्याकडून बनवून घेतली. म्हणजे दिवसभर ऑफिसात शिव्या खायच्या आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये!

पाण्याच्या तक्रारी गायब व्हायच्या. मी चूक शोधली, दुरुस्त केली, सरांनी नवा प्रोग्राम सर्व्हरवर चढवला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, "मेघा, अजून तसंच आहे गं." परत तपासलं. माझ्याकडे चालतंय! तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी काकूंनी माझ्या नवऱ्यालाच गाठलं, "हिला खरंच येतं ना रे कंप्युटरचं?"

तेव्हा मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी सर्व्हर उघडला. प्रत्येक प्रोग्रामला एक नंबर लागतो, बाजारातल्या गाळ्यासारखा. एका गाळ्यात एकच दुकान. सरांनी जुनं दुकान बंदच केलं नव्हतं! नवीन चढवलं, तर 'नंबर आधीच वापरात आहे' म्हणून ते चालू होईना. मग सरांनी काय करावं? त्याला शेजारचा नंबर दिला. लोक चार दिवस जुन्याच दुकानात जात होते, आणि माझं दुरुस्त केलेलं नवं दुकान शेजारी रिकामं!

मी म्हटलं, "सर, नव्याकडे कुणी फिरकलेलंच नाही!"

सर म्हणाले, "म्हणूनच बघ, त्यात एकही तक्रार नाही."

*

आणि चहाची गोष्ट तर राहिलीच. गेटचा प्रोग्राम रोज दुपारी तीनच्या सुमाराला अडकायचा. नरेशने एका जागी डेटाबेसचं कनेक्शन उघडून बंद केलं नव्हतं. नळ उघडा टाकून माणूस गावाला जातो ना, तसं. चूक त्याची होती, त्याने कानही पकडले. म्हणाला, "अर्ध्या दिवसात शोधून देतो." सर म्हणाले, "कशाला? तीनला रीस्टार्ट मारा की. पाच मिनिटांचं काम."

पण कामगार तीनलाच चहाला गेटबाहेर पडायचे, आणि त्या पाच मिनिटांत गेटवर नोंदच होईना. मग कारखान्याने कामगारांच्या चहाची वेळ तीनची अडीच केली! साठ-सत्तर माणसांनी आपला चहा हलवला, पण आमच्या सरांनी एक नळ बंद करू दिला नाही. नरेश त्या दिवशी जेवला नाही. मी त्याला ओरडले, मग स्वतःचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

*

यानंतर माझा कशावरच भरवसा राहिला नाही. मी त्या गेटची 'आत कोण कोण' यादी ओळीओळीने तपासायला घेतली. खोटी वीस माणसं टाकली. नाव, ठेकेदार, जन्मतारीख. एकाची जन्मतारीख मुद्दाम कोरी ठेवली. वीस वेळा हिरवी खूण आली. वीस वेळा "झालं!"

यादी उघडली. माणसं एकोणीस.

जन्मतारखेवरून वय काढताना प्रोग्राम कोऱ्या जागेवर अडखळत होता, बोंब मारत होता, आणि आमच्या थोर रीतीप्रमाणे त्याचं तोंड दाबलं जात होतं. माणूस गेटातून आत, यादीतून बाहेर!

मी सरांपुढे लॅपटॉप आपटलाच. सर म्हणाले, "जन्मतारीख नाही असा माणूस असतो का कुठे?"

"सर, ठेकेदाराकडच्या बायका! त्यांची जन्मतारीख कुणी कधी विचारलीय? गेटवर ती जागा कोरी सोडतात, मी बघितलंय डोळ्यांनी."

"पण एखादंच नाव ना?"

"सर, ते एखादं नाव आत राहिलं तर शोधायला कुणी जाणार नाही! पाटीलसाहेब तुमच्यासमोर बोललेत हे!"

"अगं, पण सायरन वाजला तर ना. आत्ता तिथे लाल दाखवलं तर पुढचं काम हातचं जाईल. पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात! मी उठले. म्हटलं, "मी जाऊन पाटीलसाहेबांना सांगते."

"गेलीस तर इथे परत येऊ नकोस, मेघा."

"नाही येत!"

असं म्हणाले आणि तडक जिना उतरायला लागले. नरेश मागून धावत आला. मला वाटलं समजावणार. त्याने हातात स्कूटरची चावी ठेवली. "रिक्षा शोधत बसू नको. और हेल्मेट पहन."

*

पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. गेटवर गायकवाडमामांना म्हटलं, पाटीलसाहेबांना बोलवा, आत्ताच्या आत्ता. मामांनी फोन उचलला आणि सायरन वाजला.

मला वाटलं, सराव असेल. पण मामा फोन तसाच टाकून गेट सताड उघडायला धावले. मग वास आला. डोळ्यांत, घशात, नाकात. आतून माणसं धावत बाहेर यायला लागली, कुणी रुमाल लावून, कुणी ओढणी लावून. सगळी समोरच्या मैदानात जमली. पाटीलसाहेब हातात टॅबलेट घेऊन आले. खोकत होते, पण नावं मोठ्याने वाचत होते. एकेक जण "हजर" म्हणत होता. मी गर्दीच्या या टोकाला, त्यांच्यापर्यंत पोचायला वाट मिळेना. मी ओरडत होते, "साहेब, यादी चुकीची आहे!" सायरनमध्ये कुणाला ऐकू येतंय!

यादी संपली. चौसष्ट नावं, चौसष्ट हजर. मग साहेबांनी आतून आलेली डोकी मोजली. पासष्ट. पुन्हा मोजली. पासष्ट. खिशातला फोन सारखा वाजत होता, कारखान्याच्या मॅनेजरचा. शेवटी त्यांनी उचलला. "हो सर. हो. मोजतोय. एक मिनिट. जुळत नाहीये."

"कुणाचं नाव घेतलं नाही मी?" ते ओरडले.

कडेला एक बाई उभी होती. साठीची असेल, बारीक चणीची, हातात रबरी मोजे, पाय ओले. "माजं नाय घेतलं सायेब. तारा. जांभूलची."

साहेबांनी बोटाने यादी वर सरकवली, खाली सरकवली. "तुम्ही आत नव्हतात."

"आतच व्हते सायेब. सा म्हयने झालं. पिंपा धुते मी."

"यात नाही नाव!" फोन तसाच कानाला. पलीकडून कुणीतरी किंचाळत होतं, जुळलं का, जुळलं का. साहेबांनी टॅबलेटकडे बघितलं, ताराबाईकडे बघितलं, पुन्हा टॅबलेटकडे. आणि म्हणाले, "बाई, तुम्ही एक जास्त होताय. तुम्ही जरा आत जा."

तिने मान हलवली. पदर नाकाला लावला आणि गेटाकडे चालू लागली.

मी माणसं ढकलत, कुणाच्या पायावर पाय देत धावले. गेटाच्या आत तिचं एक पाऊल पडलंही होतं. मागून दंड धरला तिचा, घट्ट, आणि ओढलं. तर ती माझ्यावरच वैतागली.

"सोड गो बाय! माझ्यामुलं सायबांची मोजनी चुकतेय."